बोगद्याअलीकडे एक फोन, पलीकडे एक

सायकल हवी असेल तर आधी फोन घ्यावा लागेल, अशी अट घालणारी आई वैष्णवीच्या वर्गात दुसऱ्या कुणाचीच नव्हती. बाकीच्या आया फोनचं नाव काढलं की डोळे वटारायच्या. दहावी होऊ दे, मग बघू, म्हणायच्या. स्नेहलने मात्र स्वतःहून मुलीसाठी फोन आणला, त्यात स्वतःचा नंबर सगळ्यात वर घातला, लोकेशन चालू केलं, आणि मगच पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या नव्या सायकलची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

सायकल तिने आणलीच नव्हती. शेखरने, तिच्या नवऱ्याने, एका रविवारी न विचारता आणली होती. वैष्णवी आठवीत गेली तशी शाळा इंदिरानगरातच, चालत जाण्यासारखी राहिली, पण क्लास लागला तो गोविंदनगरला. म्हणजे हायवेच्या पलीकडे, त्याच्या खालच्या बोगद्यातून. मैत्रिणी सायकलवर जायच्या आणि ही आईच्या ॲक्टिव्हावर मागे बसून.

"अहो, मला विचारायचं तरी," स्नेहल म्हणाली.

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस." शेखर अंबडच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो कमी बोलायचा आणि बोलला की बोलणं संपवूनच टाकायचा. "तेरा वर्षांची झाली ती. मोठी झाल्यावर पण मागे बसवून नेणार का?"

मागे बसण्याबद्दल तिला जे माहीत होतं ते तिने शेखरलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

स्नेहलचं माहेर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, मळ्यात. द्राक्षबागेच्या कडेला घर आणि हाकेच्या अंतरावर मुंबई-आग्रा हायवे. मोठा भाऊ दीपक तिला रोज शाळेत सोडायचा. वडिलांची, बहिरूंची, काळी दांडीची सायकल होती. ती कॅरिअरवर, दप्तर मांडीवर, एक हात दीपकच्या शर्टाला. ती चौथीत होती, तो आठवीत. तिला मराठी शाळेच्या दाराशी उतरवायचं आणि हायवे ओलांडून हायस्कूलला जायचं, हा त्याचा रोजचा रस्ता. एके सकाळी तिला उतरवून तो गेला. पहिली घंटा होऊन थोडाच वेळ झाला असेल, शेजारच्या मळ्यातले गोटीराम तिला वर्गातून न्यायला आले. घरी अंगणात माणसंच माणसं होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, आणि पाहूही दिलं नाही. दोन माणसं सायकल उचलून बांधावरून येताना दिसली, पुढचं चाक दुमडलेलं, तेव्हा तिला कळलं. कांद्याचा ट्रक होता. चूक कुणाची, हे पुढे कितीतरी दिवस मोठी माणसं ओट्यावर बसून बोलत राहिली. ते काही ठरलं नाही.

भिंतीवरच्या फोटोतला दीपक तिला ओळखीचा वाटायचा नाही. शाळेसाठी काढलेला तो फोटो, ताठ मान, रोखलेले डोळे. खरा चेहरा तिच्या मनातून पुसून गेला होता. राहिली होती ती पाठ. रोज तिने तीच तर पाहिली होती: मानेवरचे ओले केस, उलटवून शिवलेली कॉलर, पायडल मारताना शर्टाखाली सरकणारी खांद्याची हाडं. त्यामुळे पुढे आयुष्यभर, पांढऱ्या शर्टातला कुठलाही मुलगा सायकलवरून पाठमोरा दिसला की ती जिथे असेल तिथे थांबायची. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. कधी कधी तर तोच असायचा. ती नोकरी करायची त्या मेडिकलच्या काउंटरमागे उभी असताना, समोरच्या फुटपाथला एक पाय टेकवून, मागे कुणीतरी बसण्याची वाट बघत असल्यासारखा. मध्ये बस आली आणि गेली की फुटपाथ रिकामा असायचा. हे ती कुणाला सांगणार?

आणि दुसरी एक गोष्ट तिच्या मनात तशीच रुतून बसली होती. ती स्वतः हायस्कूलला जायच्या वयाची झाली तेव्हा बहिरूंनी पडवीत पडलेली तीच सायकल बाहेर काढली, नवं चाक बसवून आणलं, आणि कुसाबाईने, तिच्या आईने, ती तिच्या हातात दिली. जा म्हणाली. त्याच हायवेवरून, त्याच शाळेत. डोळ्यांत टिपूस नाही, की जपून जा म्हणणं नाही. दहावीपर्यंत स्नेहल ती सायकल चालवत गेली आणि मनात म्हणत राहिली, आईचं काळीज दगडाचं आहे. आपल्याला मूल झालं तर आपण अशी आई व्हायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

म्हणून तिने नियम घातले. घरातून निघाल्यावर फोन. रथचक्र चौकात फोन. बोगद्याअलीकडे एक, पलीकडे एक. क्लासच्या दाराशी पोहोचल्यावर आणखी एक. मधे तिने स्वतः केला तर लगेच उचलायचा. वैष्णवीने कुरकुर केली नाही, आणि याचं स्नेहलला कौतुक वाटायचं. "एका रिंगमध्ये उचलते हो माझी मुलगी," ती दुकानात सांगायची. "या वयात कोण ऐकतं आईचं?"

डी. फार्म करून ती इंदिरानगरातल्या एका मेडिकलमध्ये नोकरीला होती. मालक उपेंद्रकाका, साठी उलटलेले, शांत गृहस्थ. वैष्णवीची निघायची वेळ झाली की स्नेहल फोन काउंटरवर मलमांच्या ट्यूबांच्या डब्याला टेकवून ठेवायची. नकाशावर निळा ठिपका सरकायचा. ठिपका बोगद्यापाशी पोहोचला की अडखळायचा, कधी मधेच गोठायचा, कधी उडी मारून भलतीकडेच उगवायचा. नेटवर्कचा खेळ आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी तेवढा वेळ गिऱ्हाईक काय म्हणतंय ते तिला ऐकू यायचं नाही.

अशाच एका संध्याकाळी तिने नवसाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंना थायरॉइडच्या गोळ्या दिल्या, पण पंचवीसऐवजी शंभरच्या. बाईंच्या सुनेला पट्टीचा रंग वेगळा दिसला म्हणून बरं. ती तशीच परत आली. उपेंद्रकाकांनी सुनेची माफी मागितली, गोळ्या बदलून दिल्या आणि ती गेल्यावर म्हणाले, "स्नेहल, उद्यापासून काउंटरवर फोन नको."

"हो काका."

"काय बघत असतेस त्यात?"

"मुलगी सायकलवर जाते."

त्यांना वाटलं ती आणखी काही सांगेल. ती खाली बघून पट्ट्या रचत राहिली.

फोन पर्समध्ये गेला, आणि तिला करमेना. डोळ्यांसमोर ठिपका नाही म्हटल्यावर त्या जागी पाठ दिसायला लागली. शेवटी एका संध्याकाळी डोकं दुखतंय सांगून ती लवकर निघाली आणि रथचक्र चौकाच्या पुढे, एका पाणीपुरीच्या गाडीआड ॲक्टिव्हा उभी करून थांबली. एकदा डोळ्यांनी बघू, मन निवेल, एवढाच तिचा विचार होता.

चौकातला फोन येऊन गेला आणि पाठोपाठ वैष्णवी आली. शाळेचा पांढरा शर्ट, पाठीवर दप्तर, वेणी एका खांद्यावर. छान चालवत होती, डाव्या कडेने, न घाबरता. स्नेहलने अंतर ठेवून गाडी मागे घातली. मुलीची पाठ तिने अशी, इतका वेळ, पहिल्यांदाच पाहिली. दप्तराच्या पट्ट्यांमधून खांद्याची हाडं सरकत होती. बोगद्याकडचा उतार जवळ येत होता, तिन्ही बाजूंनी गाड्या त्या एका तोंडात शिरत होत्या, आणि अलीकडचा फोन अजून आला नव्हता. तिने गाडी कडेला घेतली. सवयीने फोन काढला. सवयीनेच लावला.

पुढे, उतारावर, वैष्णवीचा उजवा हात हँडलवरून सुटला. मान न वळवता तो दप्तराच्या बाजूच्या खिशात गेला, फोन घेऊन वर आला, कानाला लागला. किती सफाईदार. रोजचं असल्यासारखं.

"हॅलो मम्मी."

"कुठे आहेस?" स्नेहलच्या तोंडून आपोआप गेलं.

"बोगद्याच्या अलीकडे. बाजूला उभी आहे."

बाजूला उभी आहे, हे शब्द स्नेहलच्या कानात आणि समोर ती एका हाताने सायकल सांभाळत उतार उतरतेय. उजवीकडून रिकाम्या क्रेटचा टेम्पो तिच्यापुढे घुसला. हँडल थरथरलं, वैष्णवीने एकाच हाताने ब्रेक दाबला आणि ती आडवी झाली. फोन उडून रस्त्याच्या मधोमध पडला. टेम्पोमागच्या कारने करकचून ब्रेक मारला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

वैष्णवी उठली. तिने सायकलकडे पाहिलं नाही, गुडघ्याकडे पाहिलं नाही, कारकडेही नाही. ती तशीच वाकून रस्त्याच्या मध्ये धावली आणि फोन उचलून कानाला लावला.

"काही नाही मम्मी, आवाज गाड्यांचा आहे. तू घाबरू नकोस."

स्नेहलला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी सायकल उचलून दिली, मुलीने वेणी मागे टाकली आणि ती बोगद्याच्या अंधारात दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने पलीकडचा फोन आला, मग क्लासचा. "पोहोचले. सगळं ठीक." स्नेहल अजून तिथेच, ॲक्टिव्हाच्या सीटला धरून उभी होती. पाणीपुरीवाला आपली गाडी ढकलत तिथवर आला होता. "ताई, पाणी देऊ का?" असं त्याने दोनदा विचारलं.

घरी तिने काही काढलं नाही. वैष्णवीचा गुडघा खरचटलेला दिसला; "शाळेत पडले," ती म्हणाली. स्नेहलने औषध लावलं आणि मान वर केली नाही. दोन दिवस तिने मुलीला बरं नाही असं कळवून क्लासला पाठवलंच नाही. रविवारी एकटीच एसटीने पिंपळगावला गेली.

कुसाबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. बहिरू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मळा चुलतभाऊ दत्तू बघायचा. स्नेहलने चहा केला, आईपुढे ठेवला आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारलं.

"आई, दादा गेल्यावर तू मला सायकलवर कशी पाठवलीस गं? त्याच रस्त्याने?"

कुसाबाईचे हात थांबले. "आज काय काढलं हे?"

"सांग ना."

"न पाठवून काय केलं असतं? शाळा सुटली असती तुझी. तुझा बाप म्हनला, ऱ्हाऊ दे घरी. मीच नाय म्हनले."

"तुला भीती नाही वाटली?"

कुसाबाईने काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. "तू निघाली का मी बागंत जायची. रस्त्याकडं पाठ करून निंदायला बसायची. हायवेला ब्रेक वाजला ना, का हात जागच्या जागी थांबायचा. पन वळून पाह्यची नाय. एकदा वळले असते तर रोज पळत आले असते तुह्या मागं. मंग तुला दिसलं असतं."

"काय?"

"माझं तोंड."

चहावर साय धरली. हायवेवरून गाड्या जात होत्या, त्यांचा आवाज या घरात कुणाला वेगळा असा ऐकू येत नसे.

"मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही," स्नेहल म्हणाली.

"वाटू दे की." कुसाबाईने पुन्हा मेथी हातात घेतली. "तुह्यासाठी त्येच बरं व्हतं." मग बऱ्याच वेळाने, मान खाली घालूनच: "अजून बसते मी तशी. आता कोनी जात नाय शाळंला, तरी."

परतताना स्नेहल एसटीत रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला बसली, आणि वाटेतल्या ओझरपर्यंत तिने डोळे मिटून घेतले.

त्याच संध्याकाळी वैष्णवी पार्किंगमध्ये सायकलच्या चाकात हवा भरत होती. स्नेहल खाली गेली. पंप हातात घेतला.

"वैशू, त्या दिवशी मी मागे होते. बोगद्यापाशी."

वैष्णवीचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "तू माझा पाठलाग करत होतीस?"

"हो."

"मग बघितलंस ना." तिचा आवाज चढला. "एक रिंग जास्त वाजली तरी तुझा आवाज कसा होतो, माहितीये? मी क्लासमध्ये बसले तरी तो कानात असतो. म्हणून उचलते मी. थांबून उचलायला गेले तर उशीर होतो, आणि उशीर झाला की तू परत करतेस."

"बाजूला उभी आहे म्हणालीस."

"रोजच म्हणते."

स्नेहल सायकलशेजारी, जमिनीवरच बसली. तिथे, स्कूटर आणि पाण्याच्या मोटारीच्या मध्ये, तिने मुलीला दीपकमामाची गोष्ट सांगितली. आजवर तिने फक्त फोटो दाखवून 'ॲक्सिडेंट झाला' एवढंच सांगितलं होतं. आता कॅरिअर सांगितलं, शर्ट सांगितला, गोटीराम, बांधावरून आलेली सायकल. पाठ मात्र सांगितली नाही. ती मुलीच्या डोक्यात घालायची नव्हती.

वैष्णवी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "तो फोनवर होता का?"

"तेव्हा फोन कुठे होते गं."

"मग काय चुकलं त्याचं?"

"काहीच नाही. तो रोज जायचा तसाच गेला."

हे उत्तर मुलीला कधी द्यावं लागू नये म्हणूनच तर स्नेहलने एवढे नियम केले होते. चूक असती तर ती टाळता आली असती.

"मग मी जाऊ की नको?" वैष्णवीने अगदी हळू विचारलं.

"जा. फोन दप्तराच्या आत, आवाज बंद करून. वाटेत मी करणार नाही, तूही करू नकोस. पोहोचलीस की एक कर."

"आणि विसरले तर?"

"तर मी घाबरेन. तू नको घाबरूस."

पुढचे काही रविवार शेखर लेकीबरोबर सायकलवर निघाला. शेजारच्याची सायकल मागून घेतली त्याने. मोठ्या गाडीच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही, वळण्याआधी मागे बघून हात दाखवायचा, बोगद्यात गर्दी असेल तर उतरून कडेने चालत जायचं, लाज वाटायचं कारण नाही. हेल्मेट आलं. स्नेहलने स्वतःच्या हाताने लोकेशन बंद केलं. बंद करताना बोट दोनदा मागे आलं.

ठिपका गेला, पण तिचं भय काही गेलं नाही. उलट आता त्याला बघायला काही नव्हतं, त्यामुळे ते कुठेही दिसायचं. गोळ्यांची पट्टी कापताना कात्रीचा आवाज झाला तरी ती रस्त्याकडे बघायची. वैष्णवी घरी असताना, अभ्यास करत समोर बसलेली असतानाही कधी कधी स्नेहलला वाटायचं, ही अजून यायची आहे.

थंडी सुरू झाली होती. एका संध्याकाळी पोहोचण्याची वेळ उलटून गेली आणि फोन आला नाही. उपेंद्रकाका बिलं करत होते, दुकानात खोकल्याच्या औषधाला गर्दी होती. स्नेहलने बाटल्या दिल्या, मात्रा समजावून सांगितली, प्रत्येक चिठ्ठी दोनदा वाचली. बाहेर अंधारून आलं. दिवे लागले. समोरच्या फुटपाथला एक पाय टेकवून कुणीतरी उभं होतं, पांढऱ्या शर्टात, पाठमोरं. ती तिकडे बघत राहिली. तो हलला नाही. मधून गाड्या गेल्या तरी तो तिथेच होता.

"ताई, बाळाचे थेंब," एक बाई म्हणाली.

तिने थेंबांची बाटली शोधून दिली. पर्स हाताशी होती. तिने ती उचलून वरच्या फळीवर, सहज हात पोहोचणार नाही अशी ठेवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी घेतली. उपेंद्रकाकांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि स्टूल तिच्यामागे सरकवलं. ती बसली नाही.

बऱ्याच वेळाने फळीवरून फोन वाजला. काकांनीच पर्स काढून दिली.

"मम्मी!" पलीकडे मुलींचा कलकलाट, कुणीतरी खिदळत होतं. "सॉरी, सॉरी. पोहोचले कधीच. चैतालीने तिचं मांजराचं पिल्लू आणलंय दप्तरातून, सर चिडलेत, आणि आम्ही सगळ्या... अगं मी विसरलेच तुला!"

आधी तिचे डोळे भरून आले ते रागाने की कशाने, तिलाच कळलं नाही. मग लक्षात आलं की पलीकडचा आवाज मोकळा होता. त्यात तिच्यासाठी सांभाळून घेणं नव्हतं, घाई नव्हती, बाजूला उभी आहे असं काही नव्हतं. कितीतरी महिन्यांनी मुलगी आईला साफ विसरून गेली होती.

"मम्मी? रागावलीस?"

"नाही गं," स्नेहल म्हणाली. "पिल्लाला दूध द्या कुणीतरी. क्लास सुटेपर्यंत उपाशी राहील ते."

तिने फोन ठेवला आणि समोर पाहिलं. फुटपाथवर तो अजून होता. तिने नजर काढून घेतली आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, "हं, काय देऊ?"